दोन घावांच्या मधे

(कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्राची खोली. बाकं भिंतीला सरकवलेली. मोकळ्या फरशीवर खडूने आखलेली दुसरी एक छोटी खोली. केंद्राच्या प्रमुख बाई खुर्चीवर. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, ज्याला सगळे बांबू म्हणतात, खडूच्या रेघेवर उभा.)

बाई: तर समज, तू आठ वर्षांची आहेस.

बांबू: बाई, मी सहा फूट दोन इंच आहे.

बाई: म्हणून तर खाली बस म्हणतेय. मांडी घाल. हं. आता डोळे मीट आणि मी सांगते ते बघ. वकील व्हायच्या आधी मी पहिलीच्या वर्गाला शिकवायचे. त्या पोरांना सांगितलं, समजा इथे नदी आहे, की ती पाय वर घेऊन बसायची. तुम्हा कॉलेजातल्यांचे पाय लवकर ओले होत नाहीत.

बांबू: उद्या पोरीची साक्ष आहे बाई. आज हे खेळ कशाला? मी चिमीची तयारी पक्की करून घेतली आहे. कधीही उठवून विचारा, घडाघडा सांगते.

बाई: सकाळी ऐकलं मी तिचं घडाघडा. म्हणून तर बाकं सरकवली. मीट डोळे. ही खडूची खोली म्हणजे तुझं घर. आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देते. त्या भिंतीशी कपड्यांची गाठोडी रचलेली. मधे टेबल. टेबलावर इस्त्री, लोखंडी, तुला दोन्ही हातांनीही उचलवत नाही अशी. तू शाळेतून येऊन गृहपाठ करतेयस. दिसतंय?

बांबू: दिसतंय.

बाई: दारावर लाथ बसते. बाबा गॅरेजातून आलेत, भरदुपारी, पिऊन. दार उघडायला उशीर झाला म्हणून आईचे केस मुठीत धरतात आणि तिचं तोंड टेबलाच्या काठावर आपटतात. परत आपटतात. आईचा दात तुटून तुझ्या वहीवर येऊन पडतो. कसा आहे दात?

बांबू: पांढरा.

बाई: नीट बघ.

बांबू: लाल. बाई, पुरे.

बाई: त्या पोरीला पुरे म्हणायची सोय नव्हती. आता आई खाली पडली आहे. बाबा पट्टा काढतात. बक्कल लागतं तिथे कातडी फाटते. मग पट्ट्याचा कंटाळा येतो, म्हणून बुटाने. बरगडीत. ओली काटकी मोडते तसा आवाज येतो. आई ओरडते, पोर ओरडते, शेजारीपाजारी सगळं ऐकतात आणि आपापली भांडी घासत राहतात. पुढचं तू सांग.

बांबू: पुढे शेजारणीच्या जबाबातलं. ती म्हणते, बराच वेळ आरडाओरडा चालला होता, तो एकदम थांबला. तिला वाटलं, मिटलं आजचं. मग एक धप्प असा आवाज. मग परत सगळं शांत. मग दुसरा धप्प.

बाई: मधे किती वेळ?

बांबू: ती म्हणाली, भाजीला फोडणी घालून झाकण ठेवलं एवढा. सरकारी वकील तेवढ्यावरच नाचतोय. म्हणतो, मारहाण संपली होती. नवरा गाठोड्यांवर झोपायला लवंडला. ही मागून गेली, डोक्यात इस्त्री घातली. मग थांबली, विचार केला, आणि दुसऱ्यांदा घातली. पहिला घाव रागाचा म्हणता येईल, दुसरा खुनाचाच. कोर्टाने हे मानलं तर जन्मठेप.

बाई: आणि शवविच्छेदनाचा अहवाल काय म्हणतो?

बांबू: डोक्याला दोन जखमा. दोन्ही मागच्या बाजूला. दुसरीने कवटी फुटली.

बाई: आणि आपली चिमी उद्या काय सांगणार?

बांबू: बाबा आईवर चाल करून गेले, आईने स्वतःला वाचवायला एकदाच मारलं.

बाई: चाल करून गेले. आठ वर्षांची पोर. तिच्या बाबांकडे घोडा होता का रे?

बांबू: शब्द बदलू, बाई. अंगावर धावून गेले म्हणेल.

बाई: बरं, तूच चिमी हो. मी सरकारी वकील. तू उभा आहेस त्या पिंजऱ्यात. तुला माझा चेहरा दिसतो, तुझ्या आजीचा दिसत नाही. तयार?

बांबू: तयार.

बाई: बाळ, घाबरू नकोस हं. मी कोणाला ओरडत नाही. मलाही तुझ्याएवढी नात आहे. तू कितवीत आहेस?

बांबू: तिसरीत.

बाई: वा. मग दोनपर्यंत मोजता येत असेल. आईने किती वेळा मारलं?

बांबू: एकदाच.

बाई: हुशार आहेस. आता डॉक्टरकाकांनी काय केलं माहीत आहे? त्यांनी बाबांच्या डोक्यावरचे केस काढले आणि बघितलं. तर एक भोक इथे आणि एक भोक इथे. डॉक्टरकाका खोटं बोलतात का?

बांबू: नाही. म्हणजे, दुसरं पडताना लागलं असेल.

बाई: असेल? तू तिथे होतीस ना, बाळ? असेल कसं?

बांबू: लागलं. टेबलाचा कोपरा लागला.

बाई: टेबल तर खोलीच्या मधे आहे, बाबा पडले भिंतीशी. आणि बाबा आईच्या अंगावर आले म्हणतेस, म्हणजे तोंड आईकडे. मग भोकं मागे कशी? आई बाबांना ओलांडून उडाली का? हे बघ, मी आईला काही करणार नाही. मला फक्त सांग, एकदाच म्हणायला तुला कोणी सांगितलं?

बांबू: कोणी नाही.

बाई: इकडे बघ. न्यायाधीशकाका पण बघताहेत. खोटं बोललं की काय होतं, शाळेत शिकवलंय ना? कोणी सांगितलं?

बांबू: बाई, थांबा.

बाई: तुला घाम आलाय. तू पंचविशीचा बाप्या, हे सगळं खोटं आहे हे तुला माहीत, आणि तरी तू थांबा म्हणालास. ती किती टिकेल? दुसऱ्या प्रश्नाला रडेल आणि तिसऱ्याला म्हणेल, बांबूदादाने सांगितलं. त्यानंतर तिचं खरंही कोणी ऐकणार नाही. आईला जन्मठेप होईल आणि त्या पोरीला आयुष्यभर वाटत राहील की आपल्याच तोंडून झाली. आता मला सांग. तू तिला पहिल्यांदा विचारलंस तेव्हा ती काय म्हणाली होती?

बांबू: मी तिला खोटं बोलायला सांगितलेलं नाही. शप्पथ.

बाई: मी ते विचारलं नाही.

बांबू: दोनदा, म्हणाली होती. आईने किती वेळा मारलं विचारलं, तर दोनदा. म्हटलं, नीट आठव बरं, नक्की दोनदा? तर माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी परत विचारलं, एकदाच ना? तर म्हणाली, एकदाच. मला वाटलं, आधी गोंधळली असेल.

बाई: मग तू काय म्हणालास?

बांबू: शाब्बास म्हणालो.

बाई: बघ. वर्गात मी सात आणि पाच किती म्हणून विचारलं आणि पोराने बारा सांगितलं, आणि मी परत विचारलं, किती? की लगेच म्हणणार, तेरा. तेरा नाही म्हटलं तर अकरा. पोर आकडा शोधत नसतं, माझ्या कपाळावरची आठी कशाने जाते ते शोधत असतं. मूल प्रश्न ऐकत नाही रे, चेहरा वाचतं. आणि तुझा चेहरा म्हणजे दुकानाची पाटी, लांबून वाचावी. तू तिला एक शब्दही शिकवला नसशील. नुसतं परत विचारलंस आणि शाब्बास म्हणालास. पढवणं ते हेच.

बांबू: पण बाई, दोनदा म्हटलं तर आपण संपलो.

बाई: का?

बांबू: कारण मागून आणि दोनदा. स्वसंरक्षणात कोणी मागून मारतं का? समोरचा पाठ फिरवून उभा आहे, म्हणजे धोका टळला. पहिल्या वर्षाचा पोरगाही सांगेल.

बाई: पहिल्या वर्षाच्या पोराला विचारत नाही मी. तुरुंगात आईला भेटलास तेव्हा ती काय म्हणाली?

बांबू: प्रत्येक वेळी एकच. मी मारलं, काय ती शिक्षा द्या, पोरीला यात आणू नका. पोर घरात नव्हतीच म्हणते, बाहेर खेळत होती. आणि पोर आजीला म्हणाली, मी होते, मी पाहिलं. मी दोन्हींचा मेळ घातला.

बाई: कसा?

बांबू: बाहेरून खेळून आली आणि दारात उभी राहून पाहिलं.

बाई: ऊठ. आता तू बाप हो. पोलिसांच्या फोटोत तो जसा पडला होता, तसा पड. गाठोडी म्हणून ती दप्तरं रचली आहेत मी.

बांबू: असा. छाती गाठोड्यांवर. तोंड खाली.

बाई: पाय?

बांबू: पाय इकडे. नाही, थांबा. फोटोत गुडघे जमिनीला टेकलेले आहेत.

बाई: मग टेकव. लाजतोस काय, मीच आहे बघायला. आता सांग, झोपायला जाणारा माणूस असा झोपतो?

बांबू: पिऊन पडला असेल.

बाई: पिऊन पडणारा कलंडतो. तू गुडघे टेकून पुढे वाकला आहेस. हात कुठे आहेत फोटोत?

बांबू: पुढे. दोन्ही पुढे, छातीखाली. बाई, हा झोपत नव्हता.

बाई: मग काय करत होता?

बांबू: वाकून काहीतरी धरत होता. म्हणून पाठ आईकडे. म्हणून जखमा मागे. पण इथे धरण्यासारखं काय आहे? पोलिसांच्या नकाशात नुसती गाठोडी दाखवलीत.

बाई: नकाशात आई कुठे आहे?

बांबू: इथे फुली.

बाई: बाप?

बांबू: इथे.

बाई: चिमी?

बांबू: चिमीला नकाशात घेतलेलंच नाही. ती दारात.

बाई: दारात, असं कोण म्हणालं?

बांबू: मी.

बाई: आईने किती वेळा मारलं, बाबांचं तोंड कुठे होतं, इस्त्री गरम होती की गार, सगळं विचारलंस. तू कुठे होतीस, हे विचारलंस?

बांबू: नाही. बाई, म्हणजे तो तिला...

बाई: बोलू नकोस. तुझ्या मनात आलं ते माझ्याही मनात आलंय. गिळून टाक. तुला माहीत नाही, मलाही माहीत नाही. आता ती आत आली आणि तुझ्या तोंडावर तिला हे दिसलं, की ती तेच सांगेल, आणि मग ते खरं होतं की आपलं होतं हे कोणालाच कधी कळणार नाही.

बांबू: आजी म्हणाल्या होत्या, पोर त्यानंतर आठवडाभर बोलली नाही. गळा बसला होता. रडून बसला असेल असं त्यांना वाटलं.

बाई: तेही गिळ.

बांबू: आईने का सांगितलं नसेल पण? तिचाच जीव टांगणीला आहे.

बाई: तुला आई व्हायचं नाहीये, म्हणून विचारतोस. पोरीने ते कोर्टात उभं राहून परत भोगावं, त्यापेक्षा आपण आत सडलेलं बरं, असं वाटलं असेल तिला. तिचं चुकतंय असं मला वाटतं. पण मी काही तिच्या बरगड्या मोडून घेतलेल्या नाहीत. आता दुसरी गोष्ट. उद्या साक्षीच्या आधी मी न्यायाधीशांना सांगणार आहे की माझ्या विद्यार्थ्याने या साक्षीदाराला प्रश्न परत परत विचारले आणि उत्तर बदलून घेतलं.

बांबू: माझं नाव घेऊन?

बाई: नाव घेऊन. बांबू म्हणून नाही, खरं.

बांबू: चौकशी लागेल. बाई, पुढे वकिलीची सनद अडकेल माझी. घरी बाबांना काय सांगू? चार लोकांत ते मला आत्तापासून वकीलसाहेब म्हणतात.

बाई: अडकेल कदाचित. मी तुझ्या बाजूने उभी राहीन, चूक माझ्या खोलीत झाली म्हणजे माझीही आहे. पण सरकारी वकिलाने ती पोरीच्या तोंडून ओढून काढण्याआधी आपण टेबलावर ठेवायची. हाड मोडलं तर तुझं मोडू दे. तिच्या घरात मोडून झालीत. चालेल ना? नाही म्हणालास तरी मी सांगणारच आहे, पण तू हो म्हणावंस असं मला वाटतं.

बांबू: हो.

बाई: मोठ्याने म्हणायची गरज नाही, ऐकलं मी. तोंड पूस. आता ऐक. ती आली की मी एकच प्रश्न विचारणार, एकदाच. नाही बोलली तर नाही. हूं नाही, अरे बापरे नाही, शाब्बास तर मुळीच नाही. चेहरा पुसलेल्या फळ्यासारखा. तिने थांब म्हटलं की सगळं थांबवायचं. आणि आधी तू तिच्याशी बोलायचंस. काय ते तुला कळतं. चिमे, ये गं आत. आजी, तुम्ही तिथेच दारात बसा, तिला दिसाल अशा.

चिमी: बाकं का सरकवली?

बाई: तुझ्या बांबूदादाला पाय पसरायला जागा हवी होती.

चिमी: म्हणू का आता? बाबा आईवर चाल करून गेले आणि आईने स्वतःला...

बांबू: चिमे, थांब. ते मी चुकीचं करून घेतलं तुझ्याकडून.

चिमी: माझं चुकलं?

बांबू: नाही. माझं चुकलं. तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी परत परत विचारलं. ते तुझं चुकलं म्हणून नव्हतं. मलाच ते ऐकायला नको होतं.

चिमी: मग आता काय म्हणायचं?

बांबू: ते मला माहीत नाही.

चिमी: तू वकील आहेस ना?

बाई: अजून नाही. आणि असता तरी माहीत नसतं. तो तिथे नव्हता. मीही नव्हते. उद्याचे न्यायाधीशही नव्हते. आम्ही सगळे शिकलेले, पण त्या खोलीतलं आमच्यापैकी एकालाही माहीत नाही. उद्या कोणी विचारलं, तुला कोणी शिकवलं का, तर काय झालं ते सांगायचं. दादाने परत परत विचारलं, मग मी बदललं. असंच.

चिमी: मग दादाला शिक्षा होईल.

बांबू: झाली तर मी बघेन. मी मोठा आहे.

चिमी: नुसता लांब आहेस. हे आमचं घर आहे?

बाई: दादाने खडूने काढलंय. बरोबर आहे का बघ.

चिमी: दार असं नाही उघडत, आत उघडतं. टेबलाचा पाय इकडे मोडलाय, तिथे वीट आहे. गाठोडी एवढी नव्हती. पांढऱ्या चादरींचं मोठं होतं, ते खाली, आणि छोटी वर. पुसू का मी?

बाई: पूस. तुझं घर आहे. हा घे खडू.

चिमी: हं. आता झालं.

बाई: चिमे, सगळं शांत झालं तेव्हा तू कुठे होतीस?

चिमी: आजी बाहेर ऐकते का?

बाई: ऐकत असेल. दार लावू?

चिमी: नको. आजी रडते मग. मी आधी टेबलाखाली होते. आई तिथे पडली होती. बाबा बुटाने मारत होते. मी टेबलाखालून आले आणि बाबांना चावले. इथे, हाताला. जोरात. तोंडात रक्त आलं, ते त्यांचं होतं. हे पण सांगायचं का उद्या?

बाई: झालं असेल तर सांगायचं.

चिमी: मी चावले नसते तर बाबा झोपणार होते. मारून झालं की ते झोपतात.

बांबू: चिमे...

बाई: दादा.

बांबू: काही नाही. सांग तू.

चिमी: मला सांगता येत नाही. करून दाखवू का?

बाई: दाखव. नकोसं झालं की थांबायचं.

चिमी: दादा, तू मी हो. इथे, गाठोड्यावर. उताणा. डोकं भिंतीकडे. पाय एवढे लांब नको, मुडप. मी बाबा आहे. बाई, तुम्ही आई. तुम्ही तिथे खाली पडा.

बाई: पडले बघ. या वयात उठायला मात्र तू मदत करायची.

चिमी: आईला पण उठता येत नव्हतं. ती टेबल धरून उठली. तुम्ही पण तशाच उठा. अजून नाही, मी सांगते तेव्हा. दादा, मी तुझ्या छातीवर गुडघा ठेवते. आणि हात इथे.

बांबू: गळ्यावर?

चिमी: बोलू नको. मी पण बोलत नव्हते. येत नव्हतं बोलता. बाई, आता उठा. इस्त्री घ्या.

बाई: हे डस्टर घेते. ही इस्त्री.

चिमी: आई बाबांना म्हणाली, सोडा तिला. हळूच म्हणाली. तिच्या तोंडात रक्त होतं, जोरात येत नव्हतं. तुम्ही पण हळू म्हणा.

बाई: सोडा तिला.

चिमी: आता मारा. माझ्या डोक्यात, मागे.

बाई: मी नुसतं टेकवते हं. टेकवलं.

बांबू: झालं.

चिमी: नाही झालं. तू बोलू नको म्हटलं ना. बाबांनी सोडलंच नाही. डोकं असं खाली आलं आणि हात अजून घट्ट झाले. बाई, इस्त्री खाली ठेवा. माझी बोटं ओढा.

बाई: ओढते.

चिमी: दोन्ही हातांनी.

बाई: दोन्ही हातांनी ओढते.

चिमी: निसटतात. बाबांच्या हाताला ग्रीस होतं, गॅरेजातलं. आणि आईच्या हाताला रक्त होतं. परत ओढा.

बाई: ओढलं.

चिमी: निसटलं. परत. आता एक बोट सुटलं, पण ते परत बसलं. आईने त्या बोटाला दात पण लावले. तिचा पुढचा दात नव्हता ना, म्हणून धरता येईना. परत ओढा. दादा, डोळे मिटू नको, मी मिटले नव्हते. मला आईचं तोंड दिसत होतं, बाबांच्या खांद्यावरून. मग ते काळं काळं व्हायला लागलं.

बाई: चिमे, थांबायचं का?

चिमी: नाही. आता थांबलं तर दादा सुटणार नाही. आता इस्त्री घ्या.

बाई: घेतली.

चिमी: मारा.

बाई: टेकवलं.

चिमी: आता सुटले हात. आईने बाबांना जरा ढकललं, त्यांचा गुडघा खाली घसरला आणि तिने मला खालून ओढून काढलं. दादा, ऊठ. आता तू खोकायचंस.